गिअरमध्ये थांबलं की केक पडतो

देशमान्यांच्या टेबलावर तीन मजली केक ठेवलेला होता. म्हणजे सकाळी सांगलीतून निघताना तो तीन मजली होता. आता वरचा मजला मधल्यात घुसला होता, मधला खालच्यावरून घसरला होता आणि साखरेचे गुलाब एका बाजूला जमा झाले होते. बिल्डर पळून गेलेल्या अपार्टमेंटसारखं काहीतरी दिसत होतं.

"हे बघा तुमच्या गाडीचं काम," नसीम मुल्ला म्हणाल्या.

देशमाने म्हणजे साताऱ्याच्या डीलरचे वर्क्स मॅनेजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन, आणि वर्कशॉपमध्ये असूनही हाताला कधी ग्रीसचा डाग नाही. त्यांनी केककडे पाहिलं, मग नसीमताईंकडे पाहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, ही गाडी आहे. पाळणा नाही."

"पाळणा असता तर तक्रारच केली नसती की ओ. पाळणा हलायलाच पाहिजे."

त्या टेबलाच्या कडेला मी बसलो होतो. ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचा मी फील्ड सर्व्हिस इंजिनियर. सातारा आणि सांगली हा माझा एरिया. गाडी दुरुस्त करणं हे डीलरचं काम. डीलरला जी दुरुस्त करता आली नाही ती मुळात बिघडलेलीच नाही, हे गिऱ्हाइकाला पटवणं हे माझं काम. निदान पुण्यात बसणाऱ्या आमच्या रीजनल मॅनेजर साहेबांचं तसं स्पष्ट मत होतं.

नसीमताईंची सांगलीत बेकरी. आधी पाव, खारी, नानकटाई. मग त्यांनी केक सुरू केले आणि पाचगणीच्या एका मोठ्या हॉटेलात लग्नांचे केक जाऊ लागले. त्यासाठी त्यांनी आमचा छोटा ट्रक घेतला, मागे बंद डबा बसवून घेतला. तक्रार सुरुवातीपासूनच होती. पण सुरुवातीला गाडीत पावच जास्त जायचा, आणि पाव कितीही थरथरला तरी पावच राहतो. केक तसा समजूतदार नसतो.

तक्रार अगदी नेमकी होती. गाडी पळताना ठीक. न्यूट्रलमध्ये उभी असताना ठीक. पण पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, ब्रेकवर थांबलं की इंजिन दबल्यासारखं आवाज करायचं आणि सगळा डबा थरथरायला लागायचा. टोलच्या रांगेत, महामार्गाच्या अर्धवट कामाच्या डायव्हर्शनला आणि शनिवार-रविवारी पसरणी घाटात गाडी अशीच उभी असते. पुढची गाडी हातभर सरकली की आपण हातभर सरकायचं. त्या दिवशी घाटात पर्यटकांनी रस्ता भरून टाकला होता. वर पोचेपर्यंत केकचा निकाल लागला. हॉटेलच्या मॅनेजरने तो दारातूनच परत पाठवला. परतताना नसीमताई सरळ साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये शिरल्या, पुरावा घेऊन.

"थांबल्यावर न्यूट्रल करत जा," देशमाने म्हणाले. "मग व्हायब्रेशन येणारच नाही."

"घाटात? दर मिनिटाला?"

"किंवा थांबूच नका."

हे ते गंभीरपणे म्हणाले की विनोदाने, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता वर्कशॉपने आधी काय काय केलं होतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल काहीच केलं नाही. भरपूर केलं होतं. इंजिन चासीवर ज्या रबरी उशांवर बसतं त्यांना माउंटिंग म्हणतात. त्या बदलल्या. फरक नाही. इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर साफ केले. फरक नाही. मग क्लच उघडला. त्यातली प्लेट झिजलेली निघाली. नवी गाडी आणि झिजलेली प्लेट! देशमान्यांना गुन्हेगार सापडला. ड्रायव्हर.

क्लच म्हणजे काय ते थोडक्यात. इंजिन फिरतं, चाकंही फिरतात, आणि दोघांच्या मध्ये एक प्लेट घट्ट दाबून धरलेली असते. तुम्ही पेडल दाबलं की ती सुटते. इंजिन आपल्या जागी फिरत राहतं आणि चाकं मोकळी होतात. पेडल अर्धवट दाबलं तर प्लेट पूर्ण सुटत नाही, घासत राहते आणि झिजते. म्हणून देशमान्यांनी जॉब कार्डवर ठळक लिहून टाकलं: 'ड्रायव्हर हॅबिट. क्लच पूर्ण दाबत नाही.' नवी प्लेट टाकली आणि गाडी दिली. सांगलीला पोचेपर्यंत थरथर परत हजर.

ड्रायव्हर होता बिरू कोळेकर. जत तालुक्यातला. घरात मेंढरं, थोडी ज्वारीची जमीन आणि बाकी सगळं आभाळावर. तरुणपणी सांगलीला आला आणि मुल्लांच्या बेकरीत चिकटला. टेम्पोतून पाव पोचवायचा तेव्हापासूनचा माणूस. नसीमताईंना भाभी म्हणायचा, त्या त्याला बिरूभाऊ म्हणायच्या. या बिरूला डीलरच्या ट्रेनिंग रूममध्ये बसवून 'क्लचचा योग्य वापर' या विषयावर व्हिडिओ दाखवण्यात आला होता. व्हिडिओ हिंदीत होता आणि त्यातला ड्रायव्हर टाय लावून ट्रक चालवत होता.

त्या दिवशी तो देशमान्यांच्या केबिनच्या दाराशी उभा होता. मी विचारलं, "क्लच पूर्ण दाबता ना?"

"सायब, तळाला पाय टेकतोय माजा. त्येच्या खाली काय रस्त्याला लावू व्हय?"

देशमाने माझ्याकडे बघून मंद हसले. सगळे ड्रायव्हर असंच म्हणतात, असा त्या हसण्याचा अर्थ.

मी गाडी घेऊन वर्कशॉपच्या आवारात फिरलो. पहिला गिअर, क्लच, ब्रेक. शांत. पुन्हा केलं. शांत. एसी असता तर तोही लावून बघितला असता. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन जेवढं हलतं तेवढंच हलत होतं. स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला 'काय होतंय?' असं विचारायचं यंत्र. गाडी म्हणाली, काही नाही. स्कॅनरने काही नाही सांगितलं की आमच्याकडे एक सोय आहे. एनटीएफ असं लिहायचं. नो ट्रबल फाउंड. म्हणजे आम्हाला सापडलं नाही, सबब तुम्हालाही होत नाही.

बिरू ते बघत होता. तो हळूच नसीमताईंना म्हणाला, "भाभी, हितं आली की ही गप बसती. मला खोटं पाडायला." मग आणखी हळू, पण मला ऐकू जाईल असं, "मी आपला जतला जातो. मेंढरं बरी. ती हलली तर मला कोण बोलत न्हाई."

नसीमताईंनी मला खुणेने बाहेर बोलावलं. त्यांच्या दिरांनी दुसरा ड्रायव्हर बघायला सुरुवात केली होती, हे त्यांनी मला बाहेर आल्यावर सांगितलं. "लिहून दिलंय ना कंपनीनं. मी घरात काय सांगू? आणि हॉटेलवाले म्हणतात, पुढच्या रविवारचा शेवटचा. तो पडला तर पुण्याचा बेकर बघणार."

मी आत गेलो तेव्हा मेकॅनिक मंडळी चहा घेत होती. पुरावा बशीत वाटला गेला होता. चव चांगली आहे, असं सर्वांचं एकमत झालं. एवढ्या दिवसांत या गाडीबाबत झालेलं ते पहिलंच एकमत.

संध्याकाळी साहेबांचा फोन.

"शिंगटे, ती सांगलीची केस. स्टेटस?"

"इथं फॉल्ट येत नाही. त्यांच्याकडे येतो."

"मग एनटीएफ करून क्लोज करा. महिना संपतोय."

"साहेब, केक पडला त्यांचा."

"केक वॉरंटीत येतो का?"

"नाही."

"मग?"

मी म्हटलं, "उद्या सांगलीला जातोच आहे दुसऱ्या कामाला. एकदा बघतो." दुसरं काम काही नव्हतं. पण साहेबांना एका कामासाठी केलेला प्रवास आवडत नाही. दोन कामांसाठी केलेला चालतो, दुसरं कुठलं ते विचारत नाहीत.

बेकरी मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत आहे. तिथं उभं राहिलं की एका नाकपुडीत हळद जाते आणि दुसरीत व्हॅनिला. मी पोचलो तेव्हा बिरू माल भरण्यासाठी गाडी मागे घेत होता. त्याने रिव्हर्स टाकला आणि 'कर्र' असा आवाज आला.

मी जागीच थांबलो.

"असा आवाज रोज येतो?"

"रोज. दोनदा टाकल्याबिगर जात न्हाई."

"वर्कशॉपमध्ये नाही आला."

"सांगितलं न्हवं? तितं ही गप बसती."

रिव्हर्स गिअर हा गाडीतला सर्वांत प्रामाणिक गिअर. हल्लीच्या गाड्यांत बाकीचे गिअर सांभाळून घेतात, हा घेत नाही. क्लच दाबल्यावरही आतला दांडा फिरत राहिला तर दातावर दात आपटतो आणि रिव्हर्स ओरडतो. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये थांबल्यावर इंजिन चाकांना पुढे ढकलत होतं, ब्रेक त्यांना धरून ठेवत होता आणि या भांडणात मधला डबा थरथरत होता. थोडक्यात, देशमाने बरोबर होते. क्लच अर्धवटच दाबला जात होता.

फक्त बिरू म्हणत होता की तो पूर्ण दाबतो. आणि माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. रोज ऑफिसच्या मीटिंगला बसतो मी.

"जॅक आहे?"

होता. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले आणि मागचं एक चाक जमिनीवरून उचललं. ही परीक्षा आयटीआयच्या पहिल्या वर्षात शिकवतात. स्कॅनर आल्यापासून ती कुणी करत नाही, कारण तिला बॅटरी लागत नाही. इंजिन चालू, पहिला गिअर, क्लच दाबलेला. क्लच पूर्ण सुटला असेल तर अधांतरी चाक थांबून राहायला हवं.

चाक फिरत होतं. सावकाश, पण फिरत होतं.

नसीमताई, बेकरीतली दोन माणसं आणि शेजारचे हळदवाले, सगळे बघायला उभे राहिले.

"पूर्ण दाबा," मी ओरडलो.

"दाबलाय की!"

"आणखी!"

"आवं सायब, आता पायच मोडंल!"

मी केबिनचं दार उघडून आत वाकलो. बिरूचं म्हणणं शब्दशः खरं होतं. पाय तळाला टेकला होता. फक्त तो तळ गाडीचा नव्हता. पेडलखाली एक पायपुसणं होतं. त्याला पायपुसणं म्हणणं बरोबर नाही, गादीच होती ती. खाली स्पंज, वर मऊ गालिचा, कडा उचललेल्या, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत 'सुखद प्रवास'. तिच्या खाली कंपनीची मूळची पातळ रबरी मॅट तशीच होती. पेडल त्या सुखावर येऊन थांबत होतं.

"पाय तसाच दाबून धरा," मी म्हटलं आणि वरच्या गादीवाल्या मॅटचं टोक धरून ती ओढून काढली.

बिरूचा पाय आणखी अंगठ्याएवढा खाली गेला. इंजिनने मोकळा श्वास घ्यावा तसा आवाज बदलला. मागून हळदवाले ओरडले, "थांबलं! चाक थांबलं!"

मॅट आत ठेवली, चाक फिरायला लागलं. काढली, थांबलं. हळदवाल्यांनी आणखी दोनदा करून बघायला लावलं. त्यांचा विश्वास होता, पण मजा येत होती.

बिरू इंजिन बंद करून खाली उतरला. हसला वगैरे नाही. त्याने कपाळ पुसलं आणि विचारलं, "मंजी माजा पाय बरूबर हुता?"

"बरोबर होता."

"आणि पिलेट?"

"ती सुटतच नव्हती, म्हणून झिजली. तुमच्यामुळे नाही."

तो नसीमताईंकडे बघत राहिला. त्या म्हणाल्या, "मी कधी काय म्हटलं का, बिरूभाऊ?" तो म्हणाला, "तुमी न्हाई भाभी." आणि पाणी प्यायला म्हणून आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही.

आता वर्कशॉपमध्ये ही गाडी इतकी शहाण्यासारखी का वागायची तेही सांगतो. गाडी कामाला आली की पहिल्यांदा मॅट काढून बाजूला ठेवतात, खराब होऊ नये म्हणून. तिच्या जागी कागद अंथरतात. काम झाल्यावर मॅट झटकून, साफ करून परत घालतात. म्हणजे आमच्याकडे आजार दारात काढून ठेवायचे, रोग्याला तपासायचे, ठणठणीत आहे म्हणायचे आणि जाताना आजार स्वच्छ पुसून त्याच्या हातात द्यायचे. दर वेळी. काळजीपूर्वक.

"ही मॅट आणली कुठून?" मी नसीमताईंना विचारलं.

"आणली कुठली? तुमच्याच लोकांनी दिली. गाडी घेतली तवा. नारळ, पेढे आणि ही."

मी देशमान्यांना फोन लावला.

"सापडलं. मॅट."

"कसली मॅट?"

"पायाखालची. पेडल पूर्ण जात नाही तिच्यामुळे."

"अच्छा!" त्यांचा आवाज एकदम टवटवीत झाला. "म्हणजे कस्टमरने बाहेरून बसवलेली ॲक्सेसरी. मी म्हणतच होतो."

"सोनेरी अक्षरं आहेत तिच्यावर. सुखद प्रवास."

नव्या गाडीबरोबर ही भेट द्यायची कल्पना देशमान्यांच्याच मालकांची होती आणि वाटपाचा फोटो शोरूममध्ये फ्रेम करून लावला होता. फोटोत देशमानेही होते.

"शिंगटे साहेब," ते आवाज उतरवून म्हणाले, "हे रिपोर्टमध्ये जरा वेगळ्या शब्दांत नाही का लिहिता येणार?"

रिपोर्टची अडचण वेगळीच निघाली. आमच्या सिस्टीममध्ये दोषाचं कारण यादीतून निवडावं लागतं. यादीत इंजिन होतं, क्लच होता, ड्रायव्हर होता, कस्टमर होता, रस्ता होता, हवामानसुद्धा होतं. डीलर नव्हता. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ड्रायव्हर टाका ना. पाय त्याचाच होता."

"साहेब, ड्रायव्हर टाकला तर त्याची नोकरी जाईल."

"मग हवामान टाका."

मी 'इतर' निवडलं आणि खाली खरं ते लिहिलं. 'इतर'च्या खालचं कुणी वाचत नाही, हे त्या लिहिण्याला मिळालेलं संरक्षण.

पण बिरूला ते पुरेसं नव्हतं. मी निघताना त्याने माझी गाडी अडवली. "सायब, त्येनी कार्डावर लिवलंय माज्या नावानं. ते खोडून पायजे. आणि त्येनी सोताच्या तोंडानं सांगाय पायजे."

मी तिथूनच देशमान्यांना परत फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. देशमाने म्हणाले, "हां बिरू, थोडा गैरसमज झाला बघ."

"गैरसमज न्हाई सायब. तुमी लिवलं हुतं. गैरसमज लिवत न्हाईत, तो हुतो."

मग देशमाने म्हणाले, "चूक आमची होती. कार्ड बदलून पाठवतो." गेली कित्येक वर्षं मी त्यांच्याबरोबर काम करतोय. हे वाक्य त्यांच्या तोंडून येऊ शकतं याची मला कल्पना नव्हती. त्यांनाही नसावी, कारण त्यांनी लगेच फोन ठेवला. कार्ड मात्र खरंच बदलून आलं. नसीमताईंनी ते दिरांच्या पुढ्यात ठेवलं आणि दुसऱ्या ड्रायव्हरचा शोध तिथंच संपला.

रविवारी मी माझ्या गाडीने त्यांच्या मागोमाग पाचगणीला गेलो. गरज नव्हती. पण निदान करणाऱ्यालाच आपल्या निदानाची सर्वांत जास्त शंका असते. पसरणी घाटात अपेक्षेप्रमाणे सगळं मुंबई-पुणं उभं होतं. मी खाली उतरलो, चालत पुढे गेलो आणि डब्यावर हात ठेवला. आत इंजिनची नेहमीची बारीक धडधड, बस्स. खिडकीतून बिरूने मान बाहेर काढली. "गिअरमदीच हाय सायब!" असं तो मागच्या चार गाड्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाला.

हॉटेलच्या मागच्या दारात डबा उघडला. केक उभा होता. तिन्ही मजले, सगळे गुलाब जागच्या जागी. नसीमताईंनी ओढणीचा पदर तोंडाला लावला. तेवढ्यात हॉटेलचा मॅनेजर आला, त्याने घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "लेट झालात तुम्ही." केकबद्दल एक शब्द नाही. चांगल्या कामाची पावती अशीच मिळते. पुढच्या महिन्याच्या ऑर्डरी मात्र त्याने जाता जाता सांगून टाकल्या.

एक गोष्ट या प्रकरणातून मी शिकलो. गाडी तपासायची तर ती गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या सामानासकट, त्याच्या ड्रायव्हरच्या पायाखाली तपासावी. वर्कशॉपमध्ये सगळं काढून, पुसून, झाडून आपण जी गाडी तपासतो ती जगात कुणीच चालवत नसतं.

हे मी तिमाही मीटिंगमध्ये सांगितलं. साहेबांना फार आवडलं. त्यांनी त्यावर एक प्रेझेंटेशन केलं आणि वरच्या साहेबांना दाखवलं. त्यात बिरू नव्हता, नसीमताई नव्हत्या, मीही नव्हतो. मॅट होती, पण तिचा उल्लेख 'पेडलखालील अतिरिक्त आराम' असा होता. टाळ्या पडल्या म्हणतात.